चंद्रावर गेलेला पहिलवान

या गड्याची ओळख नावापासूनच करून द्यायला हवी. 'चाँद पर चढाई'. जन्म १९६७, रंग कृष्णधवल, दिग्दर्शक टी. पी. सुंदरम. इंग्रजीत मात्र हा स्वतःला 'ट्रिप टु मून' म्हणवतो. घरच्यांना सांगायचं स्वारीवर निघालो, आणि परक्यांना सांगायचं सहलीला.

नागपुरातल्या महालातल्या माणसाचा कान 'चढाई' म्हटलं की टवकारतो. इथल्या रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर जात राहिल्या आणि १७५१ च्या तहात ओरिसा नि वर्षाची बारा लाखांची चौथाई पदरात पडली तेव्हाच थांबल्या. चढाई म्हटली की हिशेब आला. या गड्याला हिशेबाशी काही घेणं नाही. चंद्रावर हा जातो तो कुस्ती खेळायला.

कारण नायक दारासिंग. कॅप्टन आनंद हे नाव आणि अंतराळवीराचा पोशाख दिला म्हणून काय झालं, मांड्यांवर शड्डू ठोकण्याची सवय जाते थोडीच! चंद्रावर वस्ती निघते, परग्रहावरचे योद्धे निघतात, राक्षस निघतात, आणि प्रत्येक वादाचा निकाल शेवटी अंगमेहनतीनेच लागतो. वाटाघाटी या गड्याच्या स्वभावातच नाहीत.

विज्ञानाशी याचं जुनं वैर आहे असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. वैर असायला आधी ओळख लागते. चंद्रावर हवा नाही, म्हणजे आवाज नाही. पण उषा खन्नांच्या चाली तिथे खणखणीत ऐकू येतात आणि हेलनही हजर असते. चंद्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश. एकशे तीस किलोचा दारासिंग तिथे बावीस किलोंचा भरेल, म्हणजे दुसरीतल्या पोराएवढा. वस्तुमान तेवढंच राहतं, तेव्हा टक्कर मात्र पूर्ण वजनाची! धोबीपछाड मारायला गेला तर प्रतिस्पर्ध्याबरोबर स्वतःही भिरभिरत वर जाईल, आणि चितपट झालाय की नाही हे ठरवायला पंचांना बराच वेळ ताटकळावं लागेल. खरी कुस्ती त्याने तशी दाखवली असती तर पोट धरून हसलो असतो. पण गडी गंभीर आहे. स्टुडिओतल्या जमिनीवर पृथ्वीचंच वजन घेऊन तो चंद्र जिंकतो.

जगात काय चाललंय याचीही त्याला खबर नसते. रशियाचं लूना-९ फेब्रुवारी १९६६ मध्ये चंद्रावर अलगद उतरलं, तिथले फोटोही आले. त्यात वस्ती नव्हती. २७ जानेवारी १९६७ ला अंतराळ करार सह्यांसाठी खुला झाला. त्याचा मथितार्थ असा, की चंद्र कोणाच्या बापाचा नाही. भारतानेही सही केली. आणि त्याच साली आपला हा भाऊ चढाई करून मोकळा!

त्याच सुमारास सत्यजित राय 'द एलियन' घेऊन हॉलिवूडला खेटे घालत होते. बंगालच्या खेड्यातल्या तळ्यात यान उतरतं, अशी सुरेख कल्पना. तो चित्रपट कधीच झाला नाही. शहाणा, सुसंस्कृत भाऊ जन्मालाच आला नाही आणि हा आडदांड मात्र पडद्यावर चढला. अन्याय म्हणा हवं तर. पण जन्माला येणं हाही एक गुण आहे, आणि पहिलवानांमध्ये तो जास्त असतो.

आता त्याच्या सोबत्याविषयी, कारण माझा जीव तिथे अडकलाय. कॅप्टन आनंदबरोबर यानात भगू असतो. हे म्हणजे भगवान आबाजी पालव, 'अलबेला'चे भगवानदादा. जन्म १९१३, अमरावतीचा. बाप गिरणी कामगार. १९५१ च्या 'अलबेला'ने त्यांना जुहूचा बंगला आणि दारात मोटारींची रांग दिली. पुढच्या चित्रपटांनी ते सगळं काढून घेतलं. १९६७ पर्यंत दादा पडेल ती कामं करत होते. स्वतः दिग्दर्शन केलेला, अख्ख्या देशाला ठेका धरायला लावणारा माणूस आता दुसऱ्याच्या यानात मागच्या जागेवर. या आडदांड गड्याचे हजार दोष मी यासाठी माफ करतो, की त्याने दादांना घरी बसवलं नाही. थेट चंद्रावर नेलं.

दारासिंगांनी पुढे १९८७ च्या 'रामायण' मालिकेत हनुमान केला. तेव्हा सूर्य गिळायला झेपावलेल्या त्या देवाच्या भूमिकेत कोणालाच ते खटकले नाहीत. माणूस आकाशात आधी जाऊन आलेला होता.

नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला जुलै १९६९ मध्ये. अमरावतीचा माणूस त्याच्या दोन वर्षं आधी तिथे पोचला होता.