मार्गदर्शकाचे मोल

‘कुशल मनुष्यबळ’ हा अर्थशास्त्रातला शब्द वाचला की मला अजिंठ्याचे पहिले लेणे आठवते. गाभाऱ्यातील बुद्धमूर्तीवर एका बाजूने प्रकाश टाकला की मुद्रा स्मित करते, दुसऱ्या बाजूने खिन्न होते, समोरून ध्यानस्थ. हे तिथले बहुतेक मार्गदर्शक दाखवतात आणि पुष्कळांचे कौशल्य तिथेच संपते. एका वृद्ध मार्गदर्शकाने मात्र आम्हांला सतराव्या लेण्यातील भिंत अक्षरशः वाचायला शिकवली. प्रसंग काळाच्या क्रमाने नाहीत, स्थळानुसार आहेत. राजवाड्यातले सगळे एकत्र, अरण्यातले एकत्र. कथनमीमांसेच्या वर्गात इतके नेमके मी क्वचितच ऐकले आहे.

१९९२पासून जपानच्या कर्जातून इथे रस्ते, विमानतळ, वनीकरण अशी कामे झाली. ती आवश्यकच होती. पण शासनमान्य मार्गदर्शकाचा दर ठरतो तो गटातील माणसे आणि दिवसाचे तास मोजून. परकीय भाषेसाठी वेगळा भत्ता असतो (तो असावाच), जाणकारीसाठी नाही. मग अर्ध्या तासात लेणी उरकून पुढचा गट गाठणाऱ्याला दोष कसा द्यावा? त्या वृद्धाजवळ तीस वर्षांची टिपणे होती. मुलगा पुण्यात नोकरीला होता. वह्यांचे पुढे काय, असे विचारले, तर त्यांनी विजेरी विझवली आणि म्हणाले, “चला, अजून एकोणिसावे राहिले आहे.”