तारप्याची शाळा

नाशिक शहरातून गोदावरी पूर्वेकडे वाहत जाते. परंतु त्याच जिल्ह्याच्या पश्चिम भागातील नार, पार आणि दमणगंगा या नद्या उलट दिशेने, अरबी समुद्राकडे धाव घेतात. हा प्रदेश डोंगरदऱ्यांचा आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत कोकणा, वारली, महादेव कोळी इत्यादी आदिवासी जमातींचे पाडे विखुरलेले आहेत. नागली, वरई आणि भात ही तेथील मुख्य पिके. पावसाळा ओसरू लागतो, भाताच्या लोंब्या दाण्यांनी जड होऊन वाकतात आणि मग एखाद्या चांदण्या रात्री पाड्यावरून एक घुमणारा, अखंड सूर ऐकू येतो. तो सूर तारप्याचा असतो.

तारप्याला लागणारे सारे साहित्य परसात आणि रानातच मिळते. वाळवून पोकळ केलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पाने आणि मधमाश्यांचे मेण एवढ्यावर हे वाद्य सिद्ध होते. वादक भोपळ्याच्या छिद्रातून फुंकर घालतो. भोपळ्यात मेणाने पक्क्या बसवलेल्या नळ्यांवर त्याची बोटे फिरत असतात आणि टोकाशी असलेला ताडपानांचा लांब कर्णा तो नाद दूरवर पोचवतो. नाकाने श्वास घेत असतानाच गालांत साठवलेली हवा तो तोंडाने सोडीत राहतो. म्हणून सूर मध्येच तुटत नाही. ही विद्या साधण्यास दीर्घ सराव लागतो.

सूर घुमू लागला की माणसे घराबाहेर येतात. एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून ती वादकाभोवती फेर धरतात. अग्रभागी असलेला नर्तक हातातील काठीने ताल धरतो. तारप्याची चाल बदलली की पावलेही बदलतात. तारप्याकडे पाठ करावयाची नाही, हा या नृत्याचा दंडक आहे. फेर कधी पसरतो, कधी सापाच्या वेटोळ्यासारखा आत आत वळत जातो. वारली चित्रांत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेले मानवाकृतींचे वेटोळे अनेकांनी पाहिले असेल. ते याच नृत्याचे होय. पालघर जिल्ह्यातील जिव्या सोमा मशे या चित्रकाराने ही कला जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

हे नृत्य शिकवणारी स्वतंत्र शाळा पूर्वी नव्हती, आणि तिची गरजही नव्हती. लहान मूल फेराच्या शेवटी जाऊन उभे राही आणि शेजारच्याचे पाऊल पाहून आपले पाऊल टाकी. चुकले तर शेजारचा हातच त्याला सावरून घेई. पावलांबरोबर इतरही पुष्कळ गोष्टी त्याच्या अंगी मुरत. पीक केव्हा तयार होते, धान्याची देवता कणसरी हिला का वंदावयाचे, वडीलधाऱ्यांच्या पुढे किती जावे आणि त्यांच्या मागे किती राहावे, हे त्याला कोणी पाठ करून घेत नसे. रात्रभर चाललेला तो फेर हाच त्याचा पाठ असे.

आज त्या पाड्यांतील पुष्कळ मुले आश्रमशाळांत राहून शिकतात. शिक्षणाने त्यांच्यापुढे नवी क्षितिजे खुली केली, यात शंका नाही. परंतु पीक हाताशी येण्याच्या दिवसांत मूल घरापासून दूर असले, तर फेरातील त्याची जागा रिकामी राहते. स्नेहसंमेलनात ध्वनिमुद्रित गाण्यावर दहा मिनिटांचे नृत्य बसवता येते. प्रेक्षक टाळ्याही वाजवतात. मात्र रंगमंचावर तोंड प्रेक्षकांकडे ठेवावे लागते, आणि तारप्याकडे पाठ होते.

यावर जाणता शिक्षक एक साधा उपाय करतो. तो गावच्या वृद्ध तारपकऱ्याला शाळेच्या अंगणात बोलावतो. प्रथम मुले वाद्य हाताळून पाहतात. भोपळा कधी पेरला, मेण कोठून आणले, असे प्रश्न विचारतात. मग फेर सुरू होतो. वर्गात प्रमाणभाषेतील शब्द अडखळत उच्चारणारा एखादा मुलगा त्या दिवशी पुढे होतो आणि शहरातून आलेल्या सोबत्याला पाऊल कसे टाकावे ते दाखवतो. एरवी खाली झुकणारी त्याची मान त्या वेळी ताठ असते. आपल्या घरीही शिकवण्याजोगे काही आहे, हे त्याला उमगलेले असते.

हा प्रश्न केवळ पेठ-सुरगाण्याचा नाही. दूर पूर्वेला लाओस नावाचा देश आहे. तेथे बांबूच्या नळ्यांचे 'खेन' नावाचे वाद्य वाजवतात; २०१७ साली युनेस्कोने खेनच्या संगीताला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तेथील लोक लग्नात आणि सणासुदीला 'लामवोंग' नावाचे नृत्य करतात. वोंग म्हणजे वर्तुळ. स्त्री-पुरुष हातांची बोटे कमळाच्या पाकळ्यांसारखी हळुवार वळवीत गोल फिरतात. नाशिकच्या पंचवटीशी जोडलेली रामकथाही 'फ्रा लक फ्रा लाम' या नावाने तेथील नृत्यात अवतरते. १९७५ नंतर अनेक लाओ कुटुंबांना मायदेश सोडून अमेरिका, फ्रान्स अशा देशांत जावे लागले. तेथे जन्मलेली त्यांची मुले परक्या भाषेत शिकू लागली. तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्यांना हाताशी धरून लामवोंगच्या वर्तुळात उभे केले. जो देश त्या मुलांनी पाहिला नव्हता, तो प्रथम त्यांच्या बोटांत आणि पावलांत आला.

ग्रंथ कपाटात शंभर वर्षे राहिला, तरी कोणी तरी तो उघडून वाचू शकतो. नृत्याला असे कपाट नसते. ते नाचणाऱ्यांच्या अंगातच राहते आणि एका हातातून दुसऱ्या हातात जाते. म्हणून भाताच्या लोंब्या वाकल्या आणि तारपा घुमू लागला, की पाड्यावरची म्हातारी माणसे फेर धरताना शेवटच्या माणसाचा एक हात मोकळा ठेवतात. तो धरण्यासाठी एक लहान हात पुढे यावा लागतो.