पाणी पिणारा डोंगर

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की असते: गडावर पोचलो की टाकं असेल. बेसाल्टच्या कातळात कोरलेल्या टाक्यांत पाणी टिकतं. स्लोव्हेनियातल्या ज्युलियन आल्प्सचा नकाशा उघडला की हा भरवसा सोडावा लागतो. तिथले डोंगर चुनखडीचे. पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी दगड विरघळवतं, भेगा रुंदावतात आणि पाणी थेट डोंगराच्या पोटात उतरतं. वरच्या पठारांवर ओढ्याची निळी रेघ शोधत बसा, बहुतेक मिळतच नाही.

म्हणून इथला रूट पाण्यावर ठरतो. एका हटपासून दुसऱ्या हटपर्यंत किती तास, ऊन कुठे लागेल, दुपारच्या विजांआधी कुठे पोचायचं. उंचावरच्या हटवर पावसाचं नि बर्फाचं साठवलेलं पाणी, तेही जपून वापरायचं.

यंदा आई येतेय. तिचा गुडघा दुखतो, म्हणजे तिचं पाणी माझ्या पाठीवर. दोघांचं सहा लिटर, म्हणजे सहा किलो. क्रेदारित्साची हट २५१५ मीटरवर, त्रिग्लावचं शिखर २८६४ वर. मी आकडे जुळवत होतो. आई माणदेशातली, डोक्यावर हंडे वाहून मोठी झालेली. फोनवर म्हणाली, "शिखर राहू दे रे. एवढं पाणी आत जातं, ते बाहेर कुठे येतं ते दाखव मला."

त्यातलं काही सावित्सा धबधब्यात येतं, थेट कड्याच्या पोटातून. आमचा रूट आता तिथून सुरू होतो. पुढे कोम्नाकडे वळणावळणाची वाट आहे. गुडघा म्हणेल तितकं वर जाऊ.