थोरलीला, थोरल्याला

काही वर्षांपूर्वी, दीर्घ सुटीतील एक उद्योग म्हणून, मी एक कृत्रिम भाषा रचावयास घेतली. नामे व क्रियापदे यांची व्यवस्था फारसा त्रास न देता लागली. अडले ते विशेषणापाशी. नाम बदलले की विशेषणानेही आपले रूप का पालटावे, असा माझा प्रश्न होता. झामेनहॉफने १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एस्पेरान्तोत नाम अनेकवचनी असेल अथवा कर्मस्थानी असेल, तर त्याचे प्रत्यय विशेषणासही लागतात. (लिंगाचा विकार मात्र त्याने विशेषणाला ठेवला नाही.) १८९४ मध्ये खुद्द त्यानेच ही संगती काढून टाकण्याचे सुचविले, तेव्हा त्याच्या अनुयायांनी मतदानाने ते नाकारले, पुढे १९०७ मध्ये पुढे आलेल्या इदो भाषेने ती काढलीच. मला इदोचा पक्ष पटला. मराठीतही 'लाल', 'सुंदर' ही विशेषणे अविकारी राहून आपले काम भागवतातच की! तेव्हा माझ्या भाषेत सर्वच विशेषणे अविकारी, असा नियम मी वहीत लिहून टाकला.

कसोटीसाठी आईचे एक जुने पत्र त्या भाषेत उतरवू लागले. आमच्या घरी नावाने हाक क्वचितच. ताई 'थोरली', मी 'धाकटी'. ताई गेली त्या आठवड्यातले ते पत्र. 'थोरलीला शेवटपर्यंत तुझाच घोर होता,' असे आईने लिहिले होते.

येथे माझा नियम उघडा पडला. 'थोरल्या मुलीला', 'थोरल्या मुलाला' : नाम सोबत असता, विभक्तिप्रत्ययापूर्वी मराठी विशेषण लिंगभेद सोडून देते, हे वर्गात मी कितीदा तरी सांगितले असेल. परंतु नाम निघून गेले की 'थोरलीला', 'थोरल्याला' हा भेद परत येतो. विशेषण नामाच्या रिकाम्या जागी उभे राहते व नामासारखे चालू लागते. माझ्या अविकारी शब्दाला हे साधेना. शेजारी 'मुलगी' हे नाम ठेवले असते तर वाक्य शुद्ध झाले असते. पण 'थोरली मुलगी' असे आई म्हणे ते परक्या माणसाला ओळख करून देताना.

अखेर नियमाखाली एक पोटनियम लिहिला : नाम नसेल तेव्हाच विशेषणास लिंगवाचक प्रत्यय लागावा. ही मराठीचीच नक्कल आहे, हे मान्य. तो प्रत्यय कोणता असावा, हे अद्याप ठरलेले नाही. वहीत त्या वाक्याची ओळ मोकळी सोडली आहे.