पहाटेचा रंधा

यूट्यूबवर सुतारकाम शिकवणारे बरेच लोक थंड देशांतले असतात. नोव्हेंबर लागला की त्यांचे व्हिडिओ हमखास एका विषयावर येतात : गॅरेज गरम कसं ठेवायचं. भिंतीत इन्सुलेशन भरा, हीटर छताला टांगा, डिंकाची बाटली रात्री घरात नेऊन ठेवा नाहीतर गोठेल. काही जण तर सरळ निरोप घेतात. आता भेटू वसंतात म्हणतात, आणि गॅरेजचं शटर खाली.

आमच्याकडे हे सगळं उलटं आहे. कर्जत तालुक्यात, पेज नदीच्या काठी आमचं गाव. घराच्या पडवीत बाबांचं सुतारकाम चालतं. पडवी म्हणजे एका बाजूला घराची भिंत, बाकी तीन बाजू कमरेएवढ्या, वर पत्रे. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पावसाळ्याचे चार महिने लाकूड फुगलेलं असतं, पॉलिश वाळत नाही आणि झड थेट टेबलापर्यंत येते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नाही. उरतात दिवाळी ते होळी एवढे महिने. लग्नसराईचे पलंग, पावसाआधी बसवायच्या चौकटी, खालापूर-खोपोलीकडच्या बंगल्यांची दारं, सगळं या काळात उरकायचं. वर्षाची मोठी कमाई याच दिवसांतली. त्यामुळे थंडी आहे म्हणून शटर खाली, ही चैन आम्हाला नाही. शटरच नाही, ही गोष्ट वेगळी.

‘कर्जतला कसली आलीय थंडी?’ हा प्रश्न मला ऑफिसात दर डिसेंबरात ऐकावा लागतो. विचारणारे ठाण्या-मुंबईचे असतात. त्यांच्या शेजारी समुद्र आहे आणि समुद्र रात्रीची थंडी बरीचशी शोषून घेतो. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर गेला होता, तो विक्रम अजून सांगितला जातो, इतकी ती गोष्ट तिकडे दुर्मीळ. आमच्याकडे समुद्र लांब आणि तिन्ही बाजूंना डोंगर. रात्री आकाश निरभ्र असलं की जमीन आपली उष्णता वर सोडून देते, डोंगरउतारावरची गार, जड हवा सरकत खाली येते आणि खोऱ्यात साचून राहते. म्हणून ८०० मीटर उंचीवरच्या माथेरानपेक्षा त्याच्या पायथ्याची आमची गावं पुष्कळदा जास्त गारठतात. दुपारी ३० अंश आणि पहाटे १२, कधी त्याहूनही खाली. बर्फ नाही, दव गोठत नाही, पण एकाच दिवसात अठरा अंशांचा झोका.

खोऱ्यात साचलेल्या या गार हवेचा आणखी एक गुण म्हणजे आवाज लांब जातो. बोरघाट चढवायला कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडतात. दिवसा त्यांचा पत्ताही लागत नाही, पण पौषातल्या पहाटे ती जणू आमच्या परसात उभी असतात. याच कारणासाठी बाबा उजाडायच्या आत एकही मशीन लावत नाहीत. प्लेनर लावला तर अख्खा गाव उठेल. पहाटे फक्त हातकाम, म्हणजे करवत, पटाशी आणि मुख्य म्हणजे रंधा.

पाच वाजता रंधा हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. ‘पहाटे रंधा मारला की अंग तापतं,’ असं ते म्हणायचे. आजोबाही तेच म्हणायचे. आजोबांच्या वेळी गिऱ्हाईक म्हणजे गावातले शेतकरी, आणि नांगरांच्या दुरुस्तीचे पैसे धान्यात मिळायचे. शेतकरी पहाटे शेतावर निघणार, म्हणजे सुतार त्याच्या आधी उठलेला पाहिजे. गिऱ्हाईक बदललं, आता बंगलेवाला शनिवारी अकरा वाजता गाडीतून उतरतो, पण पाचचा ठोका राहिला.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात त्या ठोक्याला खोकल्याची साथ लागली. रंध्याचे सातआठ हात झाले की थांबायचं, टेबलाला धरून खोकायचं, मग पुन्हा सातआठ हात. मी तेव्हा घरूनच काम करत होतो. माझे कॉल दुपारी सुरू होऊन रात्री साडेदहाला संपतात. पहाटेची झोप माझी हक्काची, पण भिंतीपलीकडून येणारी ती लय मोडली की जाग यायची. रंध्याच्या आवाजाला मी लहानपणापासून सरावलोय. त्यात पडणाऱ्या खंडाला मात्र सवय होत नाही.

डॉक्टरांनी तपासून दमा सांगितला. पंप दिला आणि दोन गोष्टी टाळायला सांगितल्या. पहाटेचा गारठा आणि लाकडाचा भुसा. बाबा दवाखान्यातून बाहेर येऊन म्हणाले, “म्हणजे सुतारकाम टाळा म्हणाले की.”

मी इंजिनिअर. प्रश्न आला की आधी मोजमाप. पडवीत दोन ठिकाणी तापमान आणि आर्द्रता मोजणारे सेन्सर लावले, चारपाचशे रुपयांचं काम, आणि आलेख मोबाइलवर दिसेल अशी सोय केली. थंडी ही एकच गोष्ट नाही, तिची कामं वेगवेगळी आहेत, हे त्या आलेखात सरळ दिसलं.

पहिलं काम ओलाव्याचं. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. १२ अंशांना जेमतेम ११ ग्रॅम. दुपारी कोरडी वाटणारी हवा रात्री तेवढ्याच वाफेनिशी काठोकाठ भरते आणि उरलेलं पाणी मिळेल त्या गार वस्तूवर सोडते. आमच्याकडे ही वाफ जरा जास्तच. भिवपुरीला १९२२ पासून वीजघर आहे. घाटावरच्या धरणाचं पाणी तिथल्या टर्बाइनमधून सुटतं आणि पेज नदीत येतं, म्हणून पेज हिवाळ्यातही वाहती. त्याच पाण्यावर राजनाला चालतो आणि उन्हाळी भात होतं. जानेवारीत मुंबईकर जिथे सुकं गवत बघायला येतात, तिथे आमच्या खाचरांत पाणी चमकत असतं. पहाटे त्यावर धुकं. पत्रा आकाशाकडे तोंड करून पडलेला, त्यामुळे तो हवेपेक्षाही गार होतो आणि त्याच्या खालच्या अंगाला दव धरतं. साडेसात-आठला ऊन लागलं की ते थेंब टेबलावर टपकतात. खाचरांवरून उठलेली ओली हवा तोवर पडवीत शिरलेली असते, पण मशीनचं बिडाचं टेबल अजून रात्रीइतकंच गार. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसा त्याला घाम येतो. गंज पावसाळ्यात चढतो असा समज आहे. आमच्या पडवीत तो हिवाळ्यात सकाळी आठ ते नऊ या वेळातही चढतो.

दुसरं काम डिंकाचं. फेविकॉल म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक कण. पाणी लाकडात मुरलं आणि हवेत उडालं की ते कण एकमेकांत वितळल्यासारखे मिसळून पारदर्शक पापुद्रा होतो. फार गारठ्यात कण मऊच पडत नाहीत. पाणी जातं आणि मागे खडूसारखी पांढरी पूड उरते. सांधा बसल्यासारखा दिसतो, पण धरत नाही. आमच्याकडचा गारठा एवढ्या टोकाला क्वचितच जातो, पण डिंक आळायला पहाटे कितीतरी जास्त वेळ लागतो आणि तोवर क्लॅम्प अडकून पडतात.

तिसरं पॉलिशचं. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाकडावर फिरवली की स्पिरिट उडताना पृष्ठभाग आणखी गार करतं. हवा आधीच दमट असली तर तिथे बाष्प बसतं आणि सागवानावर दुधी डाग उमटतात.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून आलेख बघितला आणि म्हणाले, “म्हणून तर डिंक जेवण झाल्यावर लावायचा आणि पॉलिश बारा ते तीन.” त्यांना यातलं काही नवीन नव्हतं. लाकडाला, डिंकाला आणि पॉलिशला कोणती वेळ मानवते याचं पूर्ण वेळापत्रक त्यांच्या अंगात होतं. त्या वेळापत्रकात फक्त एकाच वस्तूची वेळ धरलेली नव्हती, छातीची.

कारण पहाटेला उरायचं ते सगळ्यांत अंगमेहनतीचं काम. रंधा मारताना माणूस तोंडाने, खोल आणि भराभर श्वास घेतो. गार हवा नाकात तापायला वेळ न मिळता थेट आत जाते आणि दम्याच्या श्वासनळ्या आवळतात. त्यात भुसा. रंध्याचे छिलपे जाड, ते खाली पडतात. पण करवत आणि पॉलिश पेपरची बारीक धूळ तरंगत राहते. लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलंय. बोटांचाही प्रश्न होताच. हाताची त्वचा १५ अंशांच्या आसपास आली की बोटांचं कसब उतरतं, आणि पटाशी ते बघून थांबत नाही.

मग पडवी गरम करायची का? आईचा उपाय शेगडीचा. पण तीन बाजूंनी ताडपत्री सोडून आत कोळसे पेटवायचे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला निमंत्रण. तो वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो आणि त्याला वास नसतो. शिवाय खाली छिलप्यांचा ढीग आणि कोपऱ्यात स्पिरिटचा डबा. विजेच्या हीटरचं मी गणित मांडलं. पडवी साधारण ६० घनमीटरची. मंद वाऱ्यात मिनिटाला एकदा हवा बदलते असं धरलं तर २००० वॅटचा हीटर ती दीड-दोन अंशांनी तापवेल. म्हणजे आपण कर्जत तालुका तापवणार. ताडपत्रीने पूर्ण बंद केली तर ऊब टिकेल, पण मग धूळही टिकेल.

इथे मला ते थंड देशांतले व्हिडिओ पुन्हा आठवले. त्यांचीही गोची हीच आहे. पंख्याने धूळ बाहेर फेकली की महागडी ऊबही बाहेर जाते, म्हणून बरेच जण सगळं बंद करून गाळलेली हवा आतच फिरवतात. आमच्या पडवीला फिल्टर नाही, पण दहानंतर वारा आहे आणि तो फुकट आहे. ऊब आणि मोकळी हवा या दोन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील तर त्या आपल्याकडे विकत घ्याव्या लागत नाहीत, फक्त दहा वाजेपर्यंत थांबावं लागतं.

हे “थांबावं लागतं” म्हणणं सोपं. पाच ते दहा म्हणजे पाच तास, हिवाळ्यातल्या एका कामाच्या दिवसाचा निम्मा भाग. त्या जानेवारीत खालापूरच्या एका बंगल्याची सात दारं आणि वर खिडक्या अशी ऑर्डर आली होती. दहाला सुरू करायचं तर खिडक्या सोडाव्या लागणार होत्या. मी पैशांचं बोललो, माझा पगार आहे म्हणालो. ते बाबांना आवडलं नाही. “तुझा पगार तुझ्या कामाचा,” एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पाचला पुन्हा रंधा. गळ्यात मफलर, तोंडावर घेतलेला. मफलरने श्वासाची हवा थोडी तापते, तेवढं खरं आहे. बारीक धूळ मात्र त्यातून आरामात जाते. एन-९५ मास्क दोन्ही करतो. तो त्यांनी दोनदा लावला, चष्म्यावर वाफ धरते म्हणून खुंटीला टांगला.

त्यांचं मन कशाने वळलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. माझ्या आलेखाने नाही, डॉक्टरांनी नाही. एका संध्याकाळी वालाची पोपटी लावली होती. भांबुर्ड्याचा पाला घातलेलं मडकं पेटवलेल्या काट्याकुट्यांत उलटं ठेवलेलं, भोवती सगळे शेकत बसलेले. शेजारचे काका, उन्हाळी भात करणारे, सांगत होते की यंदा गारठ्याने रोपं वाढत नाहीत, लावणी पुढे ढकलली. बाबांनी विचारलं, “किती?” काका म्हणाले, “रोप तयार होईल तेव्हा. गारठ्यात उपटून काय करू?” बाबा काही बोलले नाहीत. जाळाच्या धुराने खोकला आला, तसे उठून लांब जाऊन बसले.

दोनतीन दिवसांनी त्यांनी बंगलेवाल्याला फोन करून खिडक्या दुसऱ्याला द्यायला सांगितल्या.

आता डिसेंबर ते फेब्रुवारी आमच्याकडे काम दहाला सुरू होतं. करवत आणि रंधा दहा ते एक, तीनही बाजू उघड्या ठेवून. जड फळ्या मी धरतो, कारण माझे कॉल त्यानंतर असतात. जेवण झालं की सांधे आणि डिंक. पॉलिशचा दिवस असला तर बारा ते तीन दुसरं काही नाही. मशीनच्या टेबलाला रात्री तेलाचं बोट आणि वर जुनी गोधडी. पंप खिडकीत, मोजपट्टीच्या शेजारी. खोकला गेलेला नाही. पहाटे तो घरातूनही ऐकू येतो. पाचला ते अजूनही उठतात, चहा घेतात आणि दिव्याखाली बसून दुसऱ्या दिवसाची मापं वहीत मांडतात. महिन्याकाठी एखादं काम कमी होतं, ते होतं.

परवा एक नवीन गिऱ्हाईक सकाळी आठला आलं. पडवी झाकलेली बघून विचारायला लागलं, एवढ्या उशिरा का सुरू करता हो, सुतार तर पहाटेपासून लागलेले असतात. बाबा मफलर सारखा करत म्हणाले, “गारठ्यात फेविकॉल धरत नाही, साहेब.”