‘अँटी’साठी मराठीत कोणता शब्द?

छत्रपती संभाजीनगर



इंग्रजीतील ‘अँटी’ या उपसर्गासाठी, म्हणजे शब्दाच्या आधी जोडला जाऊन त्याच्या अर्थाला निराळे वळण देणाऱ्या घटकासाठी, मराठीत ‘विरोधी’ हा एकच शब्द सरसकट योजला की अनुवाद झटपट होतो. परंतु ती वस्तू नेमके काय करते हे वाचकाला कळत नाही, आणि आरोग्याच्या माहितीपत्रकात असे न कळणे महागात पडू शकते. विरोध ही माणसाची भूमिका असते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव 1978 साली विधिमंडळात संमत झाल्यापासून 1994 च्या नामविस्तारापर्यंत या शहराने ‘नामांतरवादी’ आणि ‘नामांतरविरोधी’ हे दोन्ही शब्द पुरेपूर अनुभवले, आणि तेथे ‘विरोधी’ अगदी चपखल होता, कारण दोन्हीकडे मते असलेली माणसे होती. औषधाला मात्र मत नसते.

‘अँटी’चा ग्रीक मूळ अर्थ ‘समोर, तोंडासमोर’ असा असून ‘जवळ’ या अर्थाचा संस्कृत ‘अन्तिक’ त्याच कुळातला आहे. समोर उभा ठाकतो तो प्रतिपक्ष, हा अर्थविस्तार मराठीलाही परका नाही. ग्राहक तक्रारींच्या मराठी निकालपत्रांत ज्याच्याविरुद्ध तक्रार असते त्याला ‘सामनेवाले’ म्हणतात, ते याच न्यायाने. याच कुळातील लॅटिन ‘अँटे’चा अर्थ मात्र ‘आधी’ असा झाला, आणि देवनागरीत दोन्ही बहुधा सारखेच लिहिले जात असल्याने घोटाळा होतो. ‘अँटिसिपेटरी बेल’मधील ‘अँटि’ हा विरोधाचा नव्हे, तर आधीचा आहे. म्हणूनच उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठात रोज कानावर पडणारा ‘अटकपूर्व जामीन’ हा प्रतिशब्द निर्दोष ठरतो. गरोदर स्त्रियांच्या ‘अँटीनेटल’ तपासणीला ‘प्रसूतिपूर्व’ म्हणतात, तेही त्याच कारणाने.

खरी कसोटी लागते ती ‘अँटी-स्नेक व्हेनम’ या नावापाशी. घाटीसारख्या रुग्णालयात, म्हणजे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, साप चावलेल्या रुग्णाला दिले जाणारे हे औषध सापाविरुद्ध नसून त्याच्या विषाविरुद्ध असते. घोड्याला विषाच्या अल्प आणि क्रमाने वाढत्या मात्रा टोचल्या जातात, त्यामुळे त्याच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे त्या विषाला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिने, तयार होतात, आणि ती वेगळी काढून, शुद्ध करून रुग्णाच्या शिरेवाटे दिली जातात. भारतात वापरले जाणारे हे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर चालते. वर्तमानपत्रांत यालाच ‘सर्पदंशाची लस’ म्हटलेले आढळते, आणि ते साफ चुकीचे आहे. लस शरीराला स्वतःचे संरक्षण उभारायला शिकवते. येथे मात्र दुसऱ्या प्राण्याच्या शरीराने उभारलेले संरक्षण उसने घेतलेले असते, ते काही काळाने ओसरते, आणि ते आधीच टोचून घेऊन शेतात निर्धास्त वावरता येत नाही. म्हणून ‘प्रतिविष’ हाच शब्द योग्य, कारण ‘प्रति’मध्ये तोडीस तोड उभे राहण्याचा भाव आहे. बोलीतला ‘उतारा’ही अर्थाने अचूक आहे, पण मंत्रतंत्राचा उताराही त्याच शब्दाने ओळखला जात असल्याने पत्रकात तो टाळलेला बरा. रेबीजच्या बाबतीत ‘प्रतिबंधक लस’ हे नाव मात्र बरोबर आहे; कुत्रा चावल्यानंतरही ती उपयोगी पडते, कारण विषाणूला नसांच्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात शरीराला तयारी करता येते.

शासकीय मराठीने ‘अँटी करप्शन ब्यूरो’ला ‘लाचलुचपत प्रतिबंधक विभाग’ असे नाव देऊन ‘विरोधी’ टाळले हे चांगलेच झाले, जरी ‘प्रतिबंध’ म्हणजे आधीच अटकाव, आणि हा विभाग लोकांना मुख्यतः ठाऊक आहे तो तक्रार आल्यावर लावलेल्या सापळ्यामुळे. ‘अँटी-डिफेक्शन लॉ’साठी रूढ झालेले ‘पक्षांतरबंदी कायदा’ हे नाव त्याहून पुढे जाते. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने आलेली दहावी अनुसूची पक्ष सोडण्यास मनाई करीत नाही, तर सोडणाऱ्याला सदस्यत्वास अपात्र ठरवते, आणि दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीने झालेल्या विलीनीकरणाला ती सूटही देते. इंग्रजी नावात नसलेली बंदी मराठी नावाने घातली, आणि ‘बंदी असूनही पक्षांतरे कशी होतात’ हा मतदारांचा प्रश्न काही अंशी त्या नावातूनच उपजला असावा.

तेव्हा या औषधाच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करताना मथळ्यात ‘सर्पदंशावरील प्रतिविष’ असे घालावे आणि त्याखाली ‘अँटी-स्नेक व्हेनम’ हे नावही देवनागरीत द्यावे, कारण दवाखान्यात नातेवाइकांच्या कानावर तेच पडते. ‘लस’ हा शब्द मात्र त्या पत्रकात कोठेही येऊ देऊ नये.