ऑफिसची सहल : एक दिवस माथेरानचा

वर्षानुवर्षे एकाच छताखाली बसणारी माणसे एकमेकांना कितपत ओळखतात? शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बिनसाखरेचा चहा लागतो हे आपल्याला ठाऊक असते. पण तो सुरेख बासरी वाजवतो, हे मात्र त्याच्या निवृत्तीच्या समारंभात कळते. ही उणीव भरून निघावी म्हणून ऑफिसची सहल काढण्याची पद्धत पडली. बँका, शाळा, विमा कार्यालये, कारखाने यांत ती फार पूर्वीपासून आहे. आता मोठ्या कंपन्या तिला 'टीम बिल्डिंग' म्हणतात आणि त्यासाठी खास माणसे नेमतात. नाव बदलले, तरी प्रश्न तोच राहतो. सुट्टीचा दिवस आणि खिशातले पैसे खर्चून सगळी मंडळी एकत्र गेली, तर परतताना ती एकमेकांच्या थोडी जवळ आलेली असतात का?

पुष्कळदा तसे होत नाही. बस रिसॉर्टवर पोचते. साहेब मंडळी एका छत्रीखाली, कारकून मंडळी दुसरीकडे, बायका सावलीत आणि शिपाई सामानाजवळ, अशी ऑफिसातलीच मांडणी तिथेही होते. म्हणूनच सहलीचे ठिकाण निवडताना जेवणाचा दर आणि पोहण्याचा तलाव एवढेच पाहू नये. ते ठिकाण माणसांना एकत्र आणणारे आहे का, हेही पाहावे. आमच्या ऑफिसच्या सहलींची आखणी काही वर्षे माझ्याकडे होती. त्या अनुभवावरून सांगते, या कसोटीला उतरणारे एक जुने, ओळखीचे ठिकाण म्हणजे माथेरान.

जिथे साहेबांची गाडीही थांबते

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर हे गाव वसले आहे. १८५० साली ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले आणि थंड हवेचे ठिकाण म्हणून माथेरानचे नाव झाले. पण त्याचे खरे वेगळेपण थंड हवेत नाही. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले, तर या गावात मोटारींना बंदी आहे. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, त्यामुळे येथील जंगलालाही संरक्षण मिळाले.

या बंदीचा आपल्या सहलीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. दस्तुरी नाक्यावर सगळ्या गाड्या थांबतात. व्यवस्थापकांची वातानुकूलित मोटार तिथेच उभी राहते आणि टायपिस्टची शेअर टॅक्सीही तिथेच रिकामी होते. पुढे बाजारपेठेपर्यंत सुमारे अडीच-तीन किलोमीटरची वाट, लाल मातीची आणि दाट सावलीची. पाऊण तास सगळे जण एकाच चालीने चालतात. कोणाच्याही हातात फाइल नसते, मागून हॉर्न वाजत नाही. अशा वाटेवर जे बोलणे निघते, ते मीटिंगमध्ये कधी निघणार नाही.

एका वर्षी आमच्याबरोबर ऑफिसातले जुने शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणत. डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात त्यांचे बालपण गेले होते. एका झाडाकडे बोट दाखवून आमचे साहेब म्हणाले, "जांभूळ दिसतंय!"

मामा हळूच म्हणाले, "नाही साहेब, ही अंजनी. फुलली की फांद्या निळ्याजांभळ्या होतात."

पुढचा तासभर साहेब मामांच्या बरोबरीने चालले आणि 'हे कोणतं? आणि ते?' असे विचारत राहिले. दहा वर्षे ज्यांनी मामांना फक्त चहा सांगितला होता, ते त्या दिवशी त्यांच्याकडून शिकत होते. कोणत्याही ठरवून खेळवलेल्या खेळाने हे साधले नसते.

जायचे कसे?

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने नेरळला उतरावे. पुण्याकडच्यांनी कर्जतला येऊन मुंबईच्या दिशेने जाणारी लोकल पकडावी; नेरळ तिथून जवळच आहे. नेरळहून दोन मार्ग आहेत. एक घाटरस्त्याने, टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत. दुसरा, लहानथोरांचा आवडता, छोट्या आगगाडीचा.

या आगगाडीची गोष्ट प्रवासात सर्वांना जरूर सांगावी. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःचा पैसा घालून हा मार्ग बांधला. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी हे काम अंगावर घेतले. १९०४ मध्ये सुरुवात झाली आणि १९०७ मध्ये गाडी धावू लागली. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट, मार्ग सुमारे वीस किलोमीटरचा आणि वाटेतली स्थानके जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज. वळणे इतकी तीव्र की मागच्या डब्यातल्यांना पुढचे इंजिन शेजारून जाताना दिसते. २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग उद्ध्वस्त झाला, तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसात पुन्हा मोठी हानी झाली आणि नेरळपासूनची गाडी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये परत धावू लागली.

ही गाडी वर पोचायला दोन तासांहून अधिक वेळ घेते आणि तिच्यात जागा थोड्या असतात. तीस-चाळीस जणांना एकाच फेरीत जागा मिळेल असे धरून चालू नये. सोयीचा उपाय असा : दस्तुरीपर्यंत टॅक्सीने जावे आणि हौस भागवण्यासाठी अमन लॉज ते माथेरान हा छोटा टप्पा गाडीने करावा. ज्यांना चालणे जमत नाही, त्यांचीही त्यामुळे सोय होते. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा घाटातला भाग बंद ठेवतात, हे तारीख ठरवताना लक्षात असावे.

दिवसाची आखणी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळावा. व्यवस्थापनाने कामाचा एक दिवस सहलीसाठी दिला, तर कर्मचाऱ्यांना आपल्या घरची सुट्टी मोडावी लागत नाही. निघण्यापूर्वी एका खाणावळीत किंवा हॉटेलात माणसांची संख्या सांगून जेवण ठरवून ठेवावे. ऐन वेळी चाळीस ताटे कोणीच वाढू शकत नाही.

माथेरानला लहानमोठी तीसहून अधिक प्रेक्षणीय स्थळे आहेत. इथे सगळे त्यांना 'पॉइंट' म्हणतात. एका दिवसात सारे पाहण्याचा हट्ट धरू नये. बाजारपेठेतून निघून शार्लोट तलाव, जवळचे पिसरनाथाचे देऊळ, मग एको पॉइंट आणि लुईझा पॉइंट, एवढे पुरेसे आहे. लुईझा पॉइंटवरून समोर प्रबळगड दिसतो. शार्लोट तलावाचे पाणी गावाला पिण्यासाठी जाते, म्हणून त्यात उतरू नये आणि काठावर पत्रावळी टाकू नयेत. पॅनोरमा पॉइंट फार सुंदर, पण बराच दूर. तो मुक्कामाच्या सहलीसाठी ठेवावा.

खेळांसाठी निरनिराळ्या विभागांतली सहा-सात माणसे चिठ्ठ्या टाकून एका गटात घालावीत. नाही तर हिशेब विभाग हिशेब विभागाशीच बोलत राहतो. प्रत्येक गटाला सात-आठ प्रश्न द्यावेत : आगगाडी कोणी बांधली, पाच झाडांची स्थानिक नावे कोणती, चिक्की कशापासून करतात, या गावात जन्मलेला स्वातंत्र्यसैनिक कोण? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर हुतात्मा भाई कोतवाल. त्यांचा जन्म १९१२ मध्ये माथेरानला झाला. वकील झालेल्या या तरुणाने शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी चालवली, १९४२ च्या लढ्यात विजेचे मनोरे पाडणाऱ्या दलाचे नेतृत्व केले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते पोलिसांच्या गोळीला बळी पडले. ही उत्तरे दुकानदारांना, घोडेवाल्यांना विचारून मिळवावी लागतात, त्यामुळे गावाशीही ओळख होते.

एक पथ्य मात्र पाळावे. कोणालाही बळजबरीने नाचायला, गायला लावू नये. चारचौघांत ज्याची फजिती होते, तो हसतो खरा; पण पुढच्या वर्षी त्याचे नाव यादीत नसते.

जे येत नाहीत त्यांचा विचार

सहल कशी झाली हे आलेल्यांच्या हसऱ्या फोटोंवरून ठरवले जाते. मला वाटते, ते न आलेल्यांच्या यादीवरून ठरवावे. आमच्याकडे लोणावळ्याला मुक्कामी सहली जात, तेव्हा विवाहित बायकांपैकी मोजक्याच येत. कोणाचे मूल लहान, कोणाच्या सासूबाई आजारी, कोणाच्या घरी रात्री बाहेर राहायला परवानगी नाही. 'त्यांना हौसच नाही' असे पुरुष मंडळी म्हणत. पहाटे निघून रात्री घरी परतण्याची सहल ठरली, परतीची वेळ आधी छापून दिली आणि मुलांना आणण्याची मुभा ठेवली, तेव्हा त्याच बायका सर्वांत पुढे होत्या. त्यांना हौस होती. आमची आखणीच त्यांना सोयीची नव्हती.

वर्गणीचेही तसेच. सर्वांकडून सारखी रक्कम घेणे वरवर न्याय्य दिसते. पण अधिकाऱ्याला जी रक्कम किरकोळ वाटते, तीच कंत्राटी सफाई कामगाराच्या घरातला आठवड्याचा बाजार असू शकते. वर्गणी पगाराच्या प्रमाणात ठेवावी आणि कंत्राटी माणसांना आवर्जून बोलवावे. ज्याचे गुडघे दुखतात, त्याच्यासाठी जवळचा एक पॉइंट आणि सोबतीला एक जण असावा.

घोडा आणि हातरिक्षा

दस्तुरीला उतरताच "ताई, घोडा पाहिजे?" असा पुकारा कानी येतो. घोड्यावर बसायला हरकत नाही. मात्र दर आधी ठरवावा, घोडेवाल्याला बरोबर चालू द्यावे आणि नवशिक्याने घोडा दौडवू नये.

हातरिक्षेचा प्रश्न वेगळा आहे. मोटारबंदीच्या या गावात माणसाने माणसाला ओढून चढावर नेण्याची प्रथा वर्षानुवर्षे चालत आली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानवी ठरवून ती सहा महिन्यांत थांबवण्याचा आणि रिक्षा ओढणाऱ्यांचे ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. प्रायोगिक ई-रिक्षा येथे २०२२ पासूनच आल्या होत्या. बरोबरीने चालण्यासाठी आपण ज्या गावाला आलो, तिथे आपल्याला ओढण्यासाठी दुसरा माणूस घामाघूम व्हावा, हे सहलीच्या हेतूलाच विसंगत आहे. म्हणून ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी आगगाडी किंवा ई-रिक्षा यांचा विचार करावा. हमालाकडून सामान उचलून घेतले, तर ठरलेले पैसे घासाघीस न करता द्यावेत. पायथ्याच्या आदिवासी पाड्यांतून रोज डोंगर चढून येणाऱ्या अनेकांची चूल त्यावर पेटते.

एवढी काळजी घ्याच

पॉइंटांच्या कडा सरळ तुटलेल्या आहेत. फोटोसाठी कठड्यापलीकडे जाणाऱ्याला तिथेच अडवावे, मग तो कितीही वरिष्ठ असो. मद्यपानाला या सहलीत अजिबात जागा ठेवू नये. माकडे हातातली पिशवी ओढतात, म्हणून खाणे उघड्यावर काढू नये. पायांत जुने, पक्के बूट असावेत. लाल मातीत पांढरे कपडे टिकत नाहीत. एका जणाकडे प्रथमोपचाराची पेटी आणि दुसऱ्याकडे सर्वांच्या घरचे फोन क्रमांक असावेत. प्लास्टिक जितके वर नेले तितके खाली आणावे. अंधार पडण्याच्या आत दस्तुरीला पोचून माणसे मोजावीत, मगच टॅक्सी सोडाव्यात.

इंदूर, बडोदा किंवा हैदराबादच्या वाचकांना एका दिवसात माथेरान जमणार नाही. त्यांनी आपल्याजवळचे मांडू, पावागड किंवा गोवळकोंडा निवडावे. सगळ्यांनी मिळून चालावे लागते आणि पाहण्याजोगे काही असते, असे कोणतेही ठिकाण चालेल.

सहलीहून परतल्यावर हिशेबाचा कागद दुसऱ्याच दिवशी फलकावर लावावा. उरलेले पैसे परत करावेत. आणि दोन-तीन आठवड्यांनी एक गोष्ट सहज पाहावी. साहेब मामांना चहा सांगताना 'मामा, तुम्ही घेतला का?' असे विचारू लागले असतील, तर सहलीचा खर्च वसूल झाला असे खुशाल समजावे.